दोन्ही बाजूंना सारखं

१२ जानेवारी

ही डायरी दोऱ्याच्या कंपनीने दुकानाला फुकट दिलेली. दरवर्षी देतात, आणि दरवर्षी मी तिच्या पानांत सुया खोचून ठेवते. यंदा मुलगा म्हणाला, "आई, तुला जे काही बोलायचं असेल ते यात लिही. पण दवाखान्यात तोंड उघडू नकोस. हात जोडतो तुला."

चार इयत्ता शिकलेल्या बाईच्या हाती डायरी! पण पोटात ठेवलं तर मला पित्त होतं, म्हणून लिहिते.

काल सून बाळंत झाली. मुलगी. मला बाहेर बसवून ठेवलं होतं आणि आतून कुणी येईना, पेढीवर उधारी मागायला आल्यासारखी मी बसलेली. शेवटी एक सिस्टर आली. किडकिडीत, टोकदार, बोलणंही तसंच. मी तिचं नाव टाचणी ठेवलंय. ती मला काचेच्या खोलीत घेऊन गेली, काचेच्या पेटीत आमची पोर. टाचणीने वरचं कापड बाजूला केलं.

बरगड्यांच्या खालून कमरेपर्यंत, दोन्ही कुशींना, कातडीच नाही. सोललेली म्हणावी तर तसं नाही, भाजलेली म्हणावी तर तसंही नाही. नव्हतीच तिथे. नुसता लाल पातळ पापुद्रा, आणि त्यातून शिरा दिसत होत्या, विरलेल्या अस्तरातून आतले टाके दिसावेत तशा. आणि जसं उजवीकडे अगदी तसंच डावीकडे. कापड दुमडून कात्री चालवली की उलगडल्यावर दोन्ही बाजूंना एकच आकार निघतो, तसं. आमचं रफूचं दुकान. कोट, शाली, गालिचे, कसर लागलेलं, सिगारेटने जळलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं, सगळं माझ्या हाताखालून जातं. पण असं बेतून पडलेलं भोक मी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "हिला पुरती न शिवताच बाहेर काढली का?"

माझा आवाज जरा मोठाच आहे. सुनेची खाट तेव्हा दारातूनच पलीकडच्या खोलीत नेत होते. तिने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलाने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

मी काही चेष्टा केली नव्हती. जे दिसलं ते म्हटलं.

बाकी पोर देखणी आहे. कपाळ आमच्या घराण्याचं.

१३ जानेवारी

आज चष्मेवालीने आम्हाला बसवून समजावलं. ही कातडीची डॉक्टरीण. बोलताना चष्मा काढून हातात धरते आणि मग तिला काही दिसत नाही, पुन्हा घालते.

पोटात दोघी होत्या हे घरात सगळ्यांना माहीत होतंच. चौथ्या महिन्यात तपासणीत एकीचं काळीज थांबलेलं दिसलं, तेव्हा सून दोन दिवस जेवली नव्हती. मी तिला म्हटलं होतं, एक आहे ना, मग झालं, आणि तो विषय तिथेच बंद केला. विषय वाढवला की वाढतो.

चष्मेवाली म्हणाली, "दोघींची वार एकच होती. रक्ताच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या. एक थांबली तेव्हा हिचं रक्त थोडा वेळ तिकडे ओढलं गेलं असावं असं आम्हाला वाटतं. त्या वेळी जिथली कातडी तयार होत होती तिथे रक्त पोचलं नाही, म्हणून ती झालीच नाही. फार क्वचित होतं असं. आतले सगळे अवयव तपासले, ते ठीक आहेत. कुणाचीही चूक नाही."

मी म्हटलं, "चूक कुणाची ते नंतर बघू. ठिगळ कधी लावणार?"

"लावणार नाही, आजी. जखमा ओल्या ठेवायच्या, स्वच्छ ठेवायच्या, जंतू जाऊ द्यायचे नाहीत. कातडी कडेने आत वाढत येईल. तीच भरून काढेल."

आपोआप! मी इतकी वर्षं रफू करते, एकही भोक मी रात्री ठेवलं आणि सकाळी भरलेलं सापडलं असं झालं नाही. उलट ठेवलं की उसवत जातं. मी म्हटलं, "माझ्या मांडीची काढा. भरपूर आहे."

"दुसऱ्याची तिच्या अंगात टिकत नाही, आजी. तिची स्वतःचीच लागते."

"माझी काय वाईट आहे?"

मुलाने माझ्या पायावर पाय दिला. चष्मेवाली हसली आणि म्हणाली, "आईची नाही टिकत, वडिलांची नाही टिकत. टिकली असती तर फक्त तिच्या जुळ्या बहिणी…" आणि तिथे थांबली. चष्मा पुसायला लागली.

सून तेव्हा खाली बघत होती.

दुसरी वारेबरोबर बाहेर आली म्हणे, कागदासारखी चपटी होऊन. सुनेने बघायला मागितली. मुलगा नको म्हणत होता, तरी तिने बघितली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी गेले नसते. त्यात बघण्यासारखं काय.

१५ जानेवारी

मुलगा आज घरी कपडे बदलायला आला. मी त्याला विचारलं, केवढी होती रे?

म्हणाला, "कोण?"

मी म्हटलं, "काही नाही. चहा घे."

जाताना दारात थांबून म्हणाला, "तुझ्या तळहाताएवढी."

१६ जानेवारी

मला आता आत जाऊ देतात. साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, दवाखान्याचा झगा घालायचा. झगा काय शिवलाय, एक शिवण सरळ नाही.

सून दूध काढून देते, वेळेवर देते, त्यात खोट काढता येणार नाही. पण पट्टी बदलायच्या वेळेला भिंतीकडे बघत बसते. टाचणी एकटी सगळं करते आणि मी पेटीच्या पलीकडून बघते. आधी पट्टीवर सलाईनचं पाणी सोडते, भिजू देते, मग ती हळूहळू सुटते. मग धुणं, मग मलम, मग न चिकटणारी जाळी, वरून मऊ गॉज. पोर तोवर आकांत करते. आवाज चांगला आहे तिचा. लांबपर्यंत जातो. तोही आमच्या घराण्याचा.

मी सुनेला म्हटलं, "भिंत काय तुझ्या माहेरची आहे? इकडे बघ जरा, पोरीला कळू दे आई कोण ते." ती भिंतीकडेच बघत राहिली. शिकलेल्या मुलींचे नखरे.

वर मुलाला तिने काय सांगितलंय, तर दुकानातलं इस्त्रीचं टेबल विकून टाका. बाळंतपणाच्या खाटेवरून पहिला हुकूम काय, तर इस्त्रीचं टेबल. घरात आल्यापासून इस्त्री तीच करायची, आणि हात असा साफ, की माझं रफू कुठे आहे ते शोधूनही सापडायचं नाही. आता म्हणते मला ते डोळ्यांसमोर नको. मी मुलाला म्हटलं, टेबलाने तिचं काय घोडं मारलंय? टेबल जागेवर राहील.

दुकानाशेजारची बटणवाली आज विचारत आली. बटणं विकते, पण दिवसभर तिचा खरा धंदा दुसऱ्यांच्या घरची खबर काढणं. "काकू, बाळाला काहीतरी झालंय असं कानावर आलं." मी म्हटलं, "सर्दी आहे." "नवजात बाळाला सर्दीसाठी इतके दिवस ठेवतात?" मी म्हटलं, "चांगला दवाखाना आहे."

१९ जानेवारी

चष्मेवालीचं खरं ठरतंय असं दिसतं. मला ते आवडत नाही, पण लिहिते. कडेला एक फिकट गुलाबी काठ आलाय. पातळ, ओल्या कागदासारखा. चष्मेवालीने बोट दाखवून सांगितलं, "ही नवी."

म्हणजे पोर स्वतःच विणत बसलीय. कुणी शिकवलं नाही, कुणी सुई हातात दिली नाही. माझ्याकडे एक कारागीर वर्षभर होता, त्याला काठ धरता येत नव्हता.

मी तिला चिंधी म्हणते. मुलगा चिडतो. चिडू दे. चिंधी म्हणजे काय टाकाऊ असते? मोठ्या साहेबाचा कोट फाटला की भोक भरायला त्याच्याच आतल्या शिवणीतली चिंधी लागते, आणि त्यासाठी तो माझ्याकडेच येतो.

२१ जानेवारी

आज लिहायला बसले आणि उठले. पुन्हा बसले.

झालं असं. टाचणी दुसऱ्या बाळाकडे गेली होती. मी पेटीजवळ. डाव्या कुशीच्या गॉजमधून एक दोरा लोंबत होता. एवढासा. आता लोंबणारा दोरा दिसला की माझा हात आपोआप जातो, त्याला मी काय करू? माझी छोटी कात्री गेली कित्येक वर्षं माझ्या गळ्यात दोरीने असते, आंघोळीलाच काय ती काढते. झग्याच्या आतून ती बाहेर कधी आली ते मलाही कळलं नाही. दोरा ताणल्याशिवाय नीट कापता येत नाही, म्हणून चिमटीत धरून जरासा ताणला. तो तिथे वाळून चिकटला होता. गॉज सरकलं आणि त्याच्याबरोबर तो गुलाबी काठ निघून आला.

रक्त आलं. फार नाही. पण पोर अशी ओरडली, की त्या खोलीतली सगळी बाळं रडायला लागली.

टाचणी धावत आली. मला जे बोलली ते इथे लिहीत नाही. बोलायला तिला हक्क आहे, आणि बोलते चांगलं. पण मी तिला काही म्हणायच्या आत सून खाटेवरून उठून आली होती. पायात काही नाही, टाके अजून ओले. तिने माझ्या गळ्यातली कात्री धरली आणि दोरी डोक्यावरून काढून घेतली. माझ्या! गळ्यातून! आणि म्हणाली, "आई, आजपासून तुम्ही हिला हात लावायचा नाही. पट्टी मी करणार. तुम्ही नाही, सिस्टर नाही, कुणी नाही. मी."

आणि त्या टाचणीला म्हणाली, "शिकवा मला."

घरात आल्यापासून त्या मुलीने माझ्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. मला वाटायचं तिला आवाजच नाही.

मग ती पेटीत वाकली आणि तिने पहिल्यांदा बघितलं. सगळं बघितलं. दोन्ही बाजूंचं. सलाईन सोडलं, वाट बघितली, पुन्हा सोडलं. मी दाराबाहेरून, काचेतून पाहत होते, कारण मला तोवर बाहेर काढलं होतं.

दोष त्या दोऱ्याचा. गॉज नीट कापलेलं नव्हतं.

२२ जानेवारी

मला आत बंदी. दुकानात बसले. गळ्याला सारखा हात जातो आणि तिथे काही नसतं. मोठ्या कात्रीने बारीक काम होत नाही. एका शालीवर टाका सोडून दिला आणि पुन्हा उसवला.

बटणवाली आली. म्हटलं, सर्दी. अजून सर्दीच.

२३ जानेवारी

पोरीला ताप.

२४ जानेवारी

ताप आहे. मुलगा घरी आला नाही. शेजारच्या फोनवर निरोप आला, औषध शिरेतून चालू केलंय. मी विचारलं, "त्या डाव्या बाजूने आला का ताप?" मुलगा म्हणाला, "डॉक्टर म्हणतात कशानेही येऊ शकतो."

कशानेही म्हणजे काय ते मला कळतं. मी चार इयत्ता शिकलेली आहे, मठ्ठ नाही.

दुकान उघडलं नाही. घर झाडलं. पुन्हा झाडलं. खालचा खण उघडला आणि बंद केला.

२६ जानेवारी

ताप उतरला. मी जेवले.

२७ जानेवारी

खालच्या खणात काय आहे ते लिहून टाकते, म्हणजे सारखं उघडायला नको. दोघी आहेत असं कळलं त्या आठवड्यात मी मऊ धुतलेलं सुती कापड दुमडून दोन झबली एकदमच बेतली होती. दुमडून कापलं की वेळ वाचतो. एक शिवून झालं. दुसरं नुसतं कापलेलं राहिलं, पाठ, पोट, बाह्या, टाचण्या टोचून एकत्र ठेवलेलं. चौथ्या महिन्यापासून ते तसंच खणात आहे. फेकायचं राहून गेलं. कामाच्या रगाड्यात राहतं.

आज बाहेर काढलं. कापडाला घडी पडलीय. परत ठेवलं.

२९ जानेवारी

मुलाने सांगितलं, आत येऊ देतील, पण पडद्याच्या अलीकडे बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. मी गेले. शाळेत मला असंच बसवायचे, म्हणून मी शाळा सोडली होती.

पडद्याच्या पलीकडे सून पट्टी करत होती आणि चष्मेवाली बघत होती. टाचणी म्हणाली, "बघा डॉक्टर, माझ्यापेक्षा हलका हात आहे. कालपासून शेजारच्या बाळाची आईसुद्धा हिलाच विचारते." टाचणी खोटी स्तुती करणाऱ्यांतली नाही. मी मान वर करून बसले. पडद्यामुळे कुणाला दिसलं नाही.

मग सून म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू?" "विचारा," चष्मेवाली म्हणाली.

"मी दुकानात इस्त्री करायची. तिसऱ्या, चौथ्या महिन्यातपण. टेबल उंच आहे. जड कोट असला की मी दोन्ही बाजूंनी कुशी टेकवून जोर लावायची. या… इथे. दोन्ही बाजूंना. वाफ पण यायची अंगावर. तिला इथेच झालंय. अगदी इथेच. आणि दुसरी पण तेव्हाच…"

मला वाटलं होतं नखरे.

चष्मेवाली म्हणाली, "नाही. बाहेरून दाबल्याने असं होत नाही. वाफेनेही होत नाही. तुम्ही दिवसभर झोपून राहिला असतात तरी हे झालंच असतं. दुसरी गेली तीही त्याने गेली नाही."

सून म्हणाली, "हो." पण ते हो कसं होतं ते मला माहीत आहे. गिऱ्हाईकाला सांगितलं की डाग निघणार नाही, की ते असंच हो म्हणतं आणि पुढच्या आठवड्यात तोच कोट घेऊन परत येतं.

मी पडद्याच्या अलीकडूनच म्हटलं, हात मांडीवर ठेवून म्हटलं, "अगं, इस्त्रीने भोकं पडत असती तर तुझा नवरा चाळणी होऊन जन्माला आला असता! नऊ महिने उभी होते मी त्याच टेबलाला. कळा तिथेच सुरू झाल्या. त्या दिवशीचा कोटसुद्धा पुरा करून दिला."

आधी टाचणी हसली. मग मला एक आवाज आला, तो मी ओळखला नाही, कारण कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. सून हसत होती. मग ती रडायला लागली. मोठ्याने, पोरीसारखी.

मी म्हटलं, "रडायचं तर तोंड इकडे करून रड. जखमेवर नको. तिला फक्त सलाईन सांगितलंय."

"हो, आई," ती म्हणाली.

येताना वाटेत मुलाला सांगितलं, टेबल विकायचं. उंच आहेच ते. नवीन कमी उंचीचं घेऊ.

४ फेब्रुवारी

उजवी बाजू जवळजवळ मिटली. डावी मागे आहे. डावी का मागे आहे ते कुणी बोलत नाही, मीही विचारत नाही. पण येते आहे. मी रोज विचारते, "डावी?" आणि सून म्हणते, "येतेय." एवढंच बोलणं होतं आमचं. पुरेसं आहे.

१० फेब्रुवारी

आज मला पडद्याच्या पलीकडे बोलावलं. सुनेनेच. "या, बघा."

नवी कातडी पातळ आहे, चकचकीत, पानावर दव बसल्यासारखी चमक. बारीक चुण्या आहेत. चष्मेवाली म्हणाली, तिथे लव येणार नाही, रंग वेगळाच राहील, वाढेल तशी थोडी ताणली जाईल, मोठेपणी वाटलं तर काही करता येईल, नाही वाटलं तर काही करायची गरज नाही.

मी जवळून बघितलं. हात पाठीमागे धरून. माझ्या धंद्यात चांगलं रफू म्हणजे जे दिसत नाही ते. हे दिसतं. आंधळ्याच्याही हाताला लागेल. नव्या कारागिराने असं काम आणून दिलं असतं तर मी त्याच्या अंगावर फेकलं असतं.

पण घट्ट आहे. एकही जागा सैल नाही. कडेपासून मध्यापर्यंत एक दोरा न सोडता आलीय. आणि हे करताना तिचं वय काय, तर मान धरता येत नाही.

मी म्हटलं, "चालेल."

सून म्हणाली, "चालेल?"

मी म्हटलं, "माझ्या तोंडून चालेल ऐकायला माझ्या नवऱ्याला अकरा वर्षं लागली."

१३ फेब्रुवारी

परवा घरी सोडणार. शिवलेलं झबलं काढून पाहिलं आणि माझीच मला लाज वाटली. सगळ्या शिवणी आत, आणि बरोबर कुशीवर. त्या पातळ कातडीवर शिवण घासली तर काय होईल! इतकी शहाणी म्हणवणारी मी, झबलं बेतलं ते धड अंगाचं.

शिवण उसवली. बाहेरच्या बाजूला घेतली. आतून अस्तर लावायला हवं होतं, मऊ, आणि मापाचं. खणात दुसरं कापलेलं होतंच. त्याच कापडाचं, त्याच मापाचं, एकदमच बेतलेलं. एक दुसऱ्यात ठेवून बघितलं तर कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. हातानेच टाके घातले, मशीनचा टाका टोचतो. वाया कशाला घालवायचं कापड.

फार वेळ लागला त्याला. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, सारखे पाणावतात. चष्म्याचा नंबर बदलला असेल.

१५ फेब्रुवारी

चिंधी घरी आली. दुकान पुढे, घर मागे, म्हणजे दुकानातूनच आत यावं लागतं. पोर दारात आली आणि पहिलंच काम काय केलं तर जांभई दिली. आमच्या दुकानाला बघून!

सुनेने झबलं हातात घेतलं. आत बोट घालून बघितलं. मग उलटं केलं आणि उजेडाला धरलं. मी माझं काम करत होते.

"हे दुसरीचं ना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "कापड तेच आहे."

तिने ते गालाला लावलं. मग पोरीच्या अंगात घातलं, आधी एक बाही, मग दुसरी. सगळीकडून नीट ओढून बघितलं आणि म्हणाली, "बरोबर बसलं, आई."

मी म्हटलं, "बसणारच. मी बेतलंय."

१९ फेब्रुवारी

आज बटणवाली आली. बाळ बघायला येते म्हणून सांगून आली, हातात एक छोटा खुळखुळा. सून दुकानातच पोरीला घेऊन बसली होती, पट्टी नाही आता, नुसतं मलम. ऊन आत येत होतं. मी पोरीवर दुपटं ओढायला उठले. इतके दिवस सर्दी सांगितली, आता सर्दी दिसायला नको का?

बटणवाली म्हणाली, "काकू, सर्दी बरी झाली का?"

आणि मला एकदम राग आला. बटणवालीचा नाही. दुपट्याचा. एवढं काम केलंय पोरीने आणि मी ते झाकत सुटले! मी स्वतः एखादा कोट असा जिवंत केला असता तर गल्लीभर मिरवला असता.

मी म्हटलं, "सर्दी नव्हती. इकडे ये, दाखवते." आणि सुनेकडे बघितलं. हात पुढे नेला नाही. सुनेने मान हलवली आणि स्वतःच झबलं वर केलं. आधी उजवी कूस, मग पोरीला कुशीवर वळवून डावी.

बटणवालीचा आ वासलेला. मग अगदी हळू म्हणाली, "दोन्ही बाजूंना सारखं."

"सारखं," मी म्हटलं. "जन्मली तेव्हा इथे काही नव्हतं. नुसतं भोक. दोघी होत्या, एक गेली, आणि जाताना हिचं एवढं घेऊन गेली."

सून माझ्याकडे बघत होती. मी हे कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

"आणि हे भरलं कुणी?" बटणवालीने विचारलं. "कुठल्या डॉक्टरने?"

"डॉक्टरने नाही. मी माझी कातडी देत होते, त्यांनी घेतली नाही. पट्ट्या हिच्या आईने केल्या, डोळ्यांत तेल घालून, मोठमोठ्या सिस्टर बघत उभ्या राहायच्या. पण भरलं ते हिनं. स्वतः. कडेपासून सुरू करून. या दुकानात इतके कारागीर आले नि गेले, एकाला जमलं नसतं."

बटणवाली बराच वेळ बसली. जाताना खुळखुळा ठेवून गेली आणि आता गल्लीभर सांगत असेल. सांगू दे. नीट सांगितलं म्हणजे झालं.

ती गेल्यावर सून पोरीचं झबलं नीट करत होती. मला काठाशी एक दोरा लोंबताना दिसला. माझ्याच टाक्याचा. इतक्या काळजीने केलं आणि टोक राहिलं! मी हात मांडीवर ठेवले आणि दुसरीकडे बघत बसले. दोरा दिसतच होता.

सून उठली. आत गेली, पिशवी उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन तिने माझ्यासमोर माझी कात्री धरली. दोरीसकट. दोरी नवी होती. जुनी मळली होती म्हणाली.

"कापा, आई," ती म्हणाली. "हा तुमचाच आहे."

मी मान खाली केली, तिने कात्री गळ्यात घातली. पोर खुळखुळ्याकडे बघत होती. मी दोरा न ताणता कापला.